गजर बंद ठेवलेले एकवीस दिवस

महाराजांनी उजवा हात टेबलावरच्या घड्याळावरून एकदा फिरवला आणि घड्याळ बंद पडलं. सभागृहात तीनशे माणसं होती. मागच्या रांगेतले खुर्च्यांवर चढले. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि शेजाऱ्याला विचारलं, "खरंच थांबलं का हो?" शेजारी म्हणाला, "थांबलं कसलं, मेलं ते."

निवांत महाराज म्हणायचे त्यांना. पांढरी शाल, दोन्ही मनगटांवर रुंद पांढऱ्या कापडी पट्ट्या, आणि आवाज असा की ऐकता ऐकता डोळा लागावा. हात घड्याळाला लागला नव्हता, दोन बोटं वरूनच फिरला होता.

"काळ हे जनावर आहे," महाराज म्हणाले. "तुम्ही त्याला भिंतीवर टांगता, मनगटाला बांधता, उशाशी घेऊन झोपता. मग ते चावलं की रडता. ज्या घरात काटे फिरतात त्या घरात माणसाचा जीव कातरला जातो. मी काळाला म्हणतो, बस. तो बसतो."

तो बसलेला सगळ्यांना दिसतच होता. तिसऱ्या रांगेत माझी बायको आणि चौदा वर्षांची माझी मुलगी बसली होती. मी दाराशी भिंतीला टेकून उभा होतो, हाताची घडी घालून आणि ओठांवर ते माझं हसू घेऊन. ते हसू आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं. एका लबाडाला मी भर सभेत कसं उघडं पाडलं, त्याची ही गोष्ट आहे. ती सांगायला मला दोन वर्षं तोंड नव्हतं.

मी घड्याळजी. पुढच्या खोलीत दुकान, मध्ये पडदा, पडद्यामागे घर. सकाळी नऊला दार उघडायचं, काउंटर पुसायचा, आणि आदल्या दिवशी दुरुस्त केलेली गजराची घड्याळं फळीवर ओळीने मांडून सगळ्यांचे गजर नऊ वाजून दहाला लावायचे. आठ-दहा घड्याळं एकदम कोकलली की कुठलं मुकं राहिलं ते लगेच कळतं. मुकं राहील ते परत टेबलावर. माझ्या उस्तादांनी मला हे शिकवलं आणि मी तीस वर्षं करत आलो. शेजारपाजारचे म्हणायचे, अहो, कान किटतात. मी म्हणायचो, मला तर ऐकूही येत नाही. तेही खरंच होतं. दिवसभर तेच कानावर असलं की कान त्याची दखल घेणं सोडून देतो.

मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो, एका जागी ठरत नाही म्हणून. ती नऊ वर्षांची असताना एका सकाळी पडद्यापलीकडे धप्प आवाज झाला. मी धावलो तर ही जमिनीवर, डोळे वर गेलेले, अंग ताठ, हातपाय झटकतायत. मिनिटभरात शुद्धीवर आली आणि विचारते कशी, "मी खाली का झोपलेय?" आम्ही मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला. तो स्वच्छ निघाला. डॉक्टर म्हणाले, "बऱ्याचदा असा स्वच्छ येतो, पण तुम्ही सांगता ती लक्षणं मिरगीचीच आहेत." गोळ्या सुरू झाल्या.

मला ते उत्तर फार आवडलं. आवडलं म्हणतोय, कारण शहाण्या माणसाला न शोभणारा हा शब्द इथे अगदी बरोबर बसतो. त्याचं कारण माझी बहीण. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिलाही फिट यायच्या. आमच्या घरच्यांनी तिला बाधा झाली असं ठरवून चार मांत्रिक केले. कुणी धूर दिला, कुणी फटके दिले. सतराव्या वर्षी एका सकाळी ती अंथरुणातच गेली. तिला जाळून आलो त्या दिवशी मी ठरवलं की यापुढे असल्या थोतांडाला आपल्या उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. दुकानात काउंटरच्या वर मी पाटी लावली, "मिरगी हा मेंदूचा आजार आहे. बाधा नव्हे. डॉक्टरांकडे जा." गिऱ्हाईक घड्याळाला सेल टाकायला आलं तरी त्याला मी ती पाटी समजावून सांगायचो. पाटीत चूक काहीच नाही, ती अजून तिथेच आहे. चूक एवढीच झाली की पाटी लावल्यावर मी विचार करायचं सोडून दिलं.

एक वहीही केली होती मी. भिंगरीला फिट आली की तारीख आणि वेळ लिहायची. घड्याळजीची वही ती, वेळ मिनिटाला पक्की. नऊ दहा. नऊ अकरा. नऊ दहा. मध्येच एखादी दुपारची, चार वाजून पाच. ती वही उघडून मी पाहुण्यांना अभिमानाने दाखवायचो की बघा, आजाराला वेळापत्रक आहे, भुताला नसतं. आणि वेळ टिपली म्हणजे आजार टिपला, अशी समजूत फक्त माझ्यासारख्याची होऊ शकते. नऊ दहाला काय होतं, हे मी पाच वर्षांत स्वतःला एकदाही विचारलं नाही.

बायकोने विचारलं होतं. भर दुकानात, तीन गिऱ्हाइकं समोर असताना ती पडदा सारून बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, मला वाटतं हिला गजराने होतं."

मी डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणालो, "अरे वा. म्हणजे गजरात भूत आहे. कुठल्या घड्याळातलं? सांग, त्याला तेल घालतो."

गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. ती पडद्याआड गेली. नंतर महिन्याभराने तिने परत विषय काढला, परवा शाळेची घंटा झाली तेव्हाही पडली म्हणून. मी तिला माझ्या बहिणीची गोष्ट परत ऐकवली, आवाज चढवून. त्यानंतर तिने तो विषय माझ्यापाशी काढला नाही. ती निवांत महाराजांकडे गेली.

महाराजांच्या एका शिष्येने तिला विचारलं होतं, मुलीला कधी होतं? बायको म्हणाली, गजर झाला की. ते महाराजांच्या कानावर गेलं, आणि दुसऱ्या दिवशी महाराज भर सभेत डोळे मिटून बोलले, "एका घरात काळ ओरडतो आणि एक लेकरू पडतं. ती आई इथे बसली आहे." बायको ढसाढसा रडली. आपण सांगितलेलंच आपल्याला परत ऐकवलं, हे तिच्या लक्षातही आलं नाही. यात तिला दोष द्यायचा मला अधिकार नाही. तिचं म्हणणं न हसता ऐकून घेणारा तिला जगात तोच एक भेटला होता.

महाराज घरी आले ते सहा शिष्यांसकट. दुकानात मधोमध उभे राहून त्यांनी चारही भिंतींवर नजर टाकली आणि हळहळले. "किती काटे. लेकराच्या अंगावर दिवसाला किती वार होत असतील." मग काउंटरवरच्या एका जुन्या चावीच्या घड्याळावरून हात फिरवला. ते थांबलं. शिष्य म्हणाले, "निवांत, निवांत." हे त्यांचं आमेन.

"एकवीस दिवस," महाराज बायकोला म्हणाले. "घरात एकही घड्याळ चालायचं नाही. गजर नाही, दाराची घंटा नाही, फोनचा आवाज नाही. कुणी मोठ्याने बोलायचं नाही, मागून येऊन हाक मारायची नाही. शाळाही नको. आणि त्या गोळ्या थांबव. गोळीही वेळ पाहून घ्यावी लागते, म्हणजे तीही काळाचीच चाकर. एकविसाव्या दिवशी मुलीला माझ्याकडे आण, मी तिला जगापुढे उभी करीन."

त्या संध्याकाळी आमच्यात जे भांडण झालं ते हळू आवाजातच झालं, कारण बायकोने निवांतपण तिथूनच सुरू केलं होतं. ती म्हणाली, "पाच वर्षं तुमचं ऐकलं. एकवीस दिवस माझं ऐका. नाही गुण आला तर मी त्याचं नावही काढणार नाही." तिचा चेहरा बघून मी हो म्हटलं. गोळ्या मात्र द्यायच्याच, असं बजावलं. ती हो म्हणाली आणि दिल्या नाहीत, हे मला नंतर कळलं. माझं टेबल आणि फळीवरची घड्याळं उचलून मी गल्लीच्या टोकाला चष्मेवाल्याच्या दुकानात नेली आणि माझे गजर तिकडे वाजवू लागलो.

पहिला आठवडा गेला. भिंगरीला काही झालं नाही. दुसरा गेला, तेव्हाही नाही. त्याआधी महिन्यातून तीन-चारदा पडणारी पोर आता घरभर गुणगुणत फिरत होती. आणि मला राग येत होता. माझ्या पोटच्या पोरीला फिट येत नाही, याचा मला राग येत होता. असा बाप असतो का? मी होतो. रोज संध्याकाळी घरी आलो की बायकोच्या चेहऱ्यावर काही न बोलता जे लिहिलेलं असायचं ते मला बघवत नव्हतं.

पंधराव्या दिवशी मी महाराजांनी थांबवलेलं ते चावीचं घड्याळ उघडलं. आत डुलणाऱ्या चाकाला केसाइतकी बारीक स्प्रिंग असते. तिचे वेढे एकमेकांना चिकटले होते. घड्याळजीला ही खूण शिकवावी लागत नाही. लोहचुंबकाजवळ गेलेलं घड्याळ असंच वागतं. आमच्या प्रत्येकाच्या खणात त्यासाठी एक छोटं होकायंत्र असतं. मी ते घड्याळाजवळ नेलं आणि सुई गर्रकन फिरली. मनगटावरच्या त्या पांढऱ्या पट्ट्या मला आठवल्या, आणि मी चष्मेवाल्याच्या दुकानात एकटाच इतका हसलो की तो विचारू लागला, बरं आहे ना.

बरं होतं की. मला माझा चोर सापडला होता. फिट का थांबल्या, हा प्रश्न तेव्हाही टेबलावर तसाच पडून होता, पण मला त्याची गरजच वाटली नाही. माणूस लबाड आहे एवढं सिद्ध झालं की त्याच्याशी जोडलेलं सगळंच खोटं, असा माझा हिशेब.

एकविसाव्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंगरी मंचावर महाराजांच्या शेजारी उभी होती, केसांत नवी रिबीन. बायको खाली पहिल्या रांगेत. महाराजांचं चालू होतं, "हे लेकरू बघा. काळाच्या तोंडातून काढलं. औषधाने नाही, सुईने नाही. फक्त निवांतपणाने."

मी पिशवी घेऊन मंचावर चढलो. पिशवीत गजराची आठ घड्याळं होती, होकायंत्र होतं आणि बारीक स्क्रूंची डबी होती. शिष्यांनी अडवायच्या आत मी म्हणालो, "महाराज, मीही घड्याळवालाच. माझीही सेवा करा. एवढं एक थांबवा."

तीनशे माणसांपुढे नाही म्हणायची त्यांची सोय नव्हती. त्यांनी हात पुढे केला आणि मी घड्याळाऐवजी त्या हाताखाली होकायंत्र धरलं. हात डावीकडे गेला की सुई डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. पुढच्या दोन रांगांना ते दिसलं, मागच्यांना दिसेना, म्हणून मी डबी उघडली आणि त्यांच्या मनगटाखाली धरली. शंभरेक स्क्रू टपाटप उडून त्या पांढऱ्या पट्टीला चिकटले, गुळाला मुंगळे चिकटावेत तसे.

 मग मागून कोणीतरी हसलं आणि सगळं सभागृह फुटलं. महाराज हात झटकत होते, स्क्रू पडत नव्हते. मी पट्टी ओढून काढली आणि आतला चपटा लोहचुंबक उंच धरला. "हा तुमचा काळाचा मालक. तुटक्या लाऊडस्पीकरमधून काढलेला. कुठल्याही भंगारवाल्याकडे मिळेल." टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यात मला इतक्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या. त्या मला चढल्या.

तेवढ्यात कोपऱ्यातून आमच्या गल्लीतली इस्त्रीवाली उभी राहिली. सगळ्या गल्लीचे कपडे तिच्याकडे जातात, म्हणून सगळ्यांना ती ओळखते आणि कुणाला भीत नाही. "चुंबकाचं कळलं हो," ती म्हणाली. "पण मग पोरीच्या फिट का थांबल्या?"

त्या दिवशी त्या सभागृहात विचारला गेलेला शहाणा प्रश्न तेवढाच. मी काय उत्तर दिलं? मी म्हणालो, "बाई, कावळा बसला आणि फांदी मोडली, त्यातला प्रकार. योगायोग. घड्याळांचा आणि मिरगीचा काही संबंध नसतो. हे बघा, मी काळ सुरू करून दाखवतो." आठही घड्याळं मी टेबलावर मांडली होती. गजर साडेसहाचे लावून आणले होते. माझं बोलणं साडेसहाला संपेल असा बेत मी घरून करून आलो होतो. साडेसहाला एक मिनिट होतं.

भिंगरीने माझी बाही धरली. "बाबा, गजर नको ना," ती हळूच म्हणाली.

मी म्हणालो, "काही होत नाही. सरळ उभी राहा. लोक बघतायत."

आठही गजर एकदम वाजले. भिंगरी दचकली, तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती उभ्या उभ्या खाली गेली. अंग ताठ झालं, हात झटकू लागले. सभागृहात पळापळ सुरू झाली, आणि महाराज मोठ्याने म्हणाले, "बघा, काळ सुटला." घड्याळं वाजतच होती. मी, फिटमध्ये जवळ थांबून वाट पाहायची असते एवढं शिकलेला माणूस, गुडघ्यावर बसून वाट पाहत होतो. झटके थांबले. नेहमी झटके थांबले की ती डोळे उघडायची. या वेळी उघडले नाहीत. तिचा रंग राखेसारखा होत चालला होता.

तिच्या शाळेच्या खेळाच्या बाई गर्दीतून मंचावर आल्या. त्यांनी मला खांद्याला धरून बाजूला लोटलं, मुलीच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली, नाकाशी गाल नेला आणि म्हणाल्या, "नाडी लागत नाही. रुग्णवाहिका बोलवा. आणि ती घड्याळं कोणीतरी बंद करा." मग दोन्ही हात छातीच्या मध्यावर ठेवून त्या जोरजोरात दाबू लागल्या, मोठ्याने आकडे म्हणत. घड्याळं बायकोने बंद केली. एकेक उचलून, मागची कळ दाबून, आठही. मला तेवढंही सुचलं नाही. सत्तरीच्या पुढे आकडे गेल्यावर भिंगरीने मोठा आचका देऊन श्वास घेतला. ती सत्तर दाबणी मी मोजली आहेत, आणि अजून कधी कधी मोजतो.

रुग्णालयात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. खेळाच्या बाईंनी त्यांना एकच वाक्य सांगितलं, "नुसती फिट आली असती तर गळ्याची नाडी दौडत असती, हिची लागतच नव्हती." डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि डोक्याला नाही, छातीला तारा लावल्या. कागदाची पट्टी मशीनमधून बाहेर आली. त्यांनी ती पट्टी मोजपट्टीने मोजली, परत मोजली आणि मला बोलावलं.

"हिला मिरगी नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे मला तसं वाटत नाही. हे हृदय आहे."

मी म्हणालो, "पण झटके येतात. मी स्वतः पाहिलेत."

"येणारच. हृदयाला प्रत्येक ठोक्यानंतर पुढच्या ठोक्यासाठी विजेची तयारी करावी लागते. हिच्या हृदयाला त्या तयारीला वेळ जास्त लागतो, जन्मापासूनच. तेवढ्यात अचानक मोठा आवाज झाला, ती दचकली, की एखाद्या दिवशी ठोके बिघडतात आणि हृदय नुसतं थरथरतं. रक्त पुढे जात नाही. डोक्याला रक्त मिळालं नाही की माणूस पडतो, अंग ताठ होतं, हातपाय झटकतात. बघणाऱ्याला मिरगी वाटते. बहुतेक वेळा हृदय आपलं आपण सावरतं आणि माणूस उठून बसतो. एखाद्या वेळी सावरत नाही." मग त्यांनी विचारलं, "हे कधी कधी होतं, काही नोंद आहे का?"

वही माझ्या पिशवीतच होती. त्यांनी पानं चाळली. "जवळजवळ सगळ्या नऊ दहाच्या. रोज नऊ दहाला काय होतं तुमच्याकडे?"

मी बायकोकडे पाहिलं. ती भिंतीशी उभी होती. उत्तर तिने मलाच द्यायला लावलं. शेवटी मी म्हणालो, "मी गजर तपासतो."

"आणि चार वाजून पाचला?"

"शाळा सुटते," बायको म्हणाली. "घंटा होते."

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली.   नंतर त्यांनी बायकोला गोळ्यांबद्दल विचारलं, आणि तिने रडत सांगितलं की एकवीस दिवस दिल्या नव्हत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खरी मिरगी असती तर अशा गोळ्या एकदम तोडणं जिवावर बेतलं असतं. असं पुन्हा कधी करू नका." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गोळ्या बंद, तरी एकवीस दिवस काही झालं नाही. झालं ते गजर झाल्यावर. तुमच्या महाराजांनी मंत्राने काही केलं नाही. त्यांनी घरातला आवाज बंद केला, एवढंच. तेही खोटं बोलून केलं, आणि का चाललं ते त्यांनाही माहीत नव्हतं."

तर हा चमत्काराचा उलगडा. चुंबक हा निम्माच होता. उरलेला निम्मा रोज माझ्या फळीवर वाजत होता.

"हे घराण्यातून येतं," त्या पुढे म्हणाल्या. "तुमच्या दोघांच्या घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का? झोपेत, पोहताना, धावताना?"

मला बहिणीबद्दल सांगावं लागलं. सांगता सांगता मला जे आठवलं ते मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. ती सूतगिरणीत पहाटेच्या पाळीला जायची. मी पंधरा वर्षांचा, उस्तादांकडे नुकताच लागलेला. मी स्वतः दुरुस्त केलेलं पहिलं गजराचं घड्याळ तिला दिलं होतं, उठायला उशीर होतो म्हणून. ते तिच्या उशाशी ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते बराच वेळ वाजत राहिलं, म्हणून आम्ही आत जाऊन बघितलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला कसं कळणार होतं? तेव्हा कुणालाच कळलं नसतं." बहिणीच्या बाबतीत मी ते मान्य करतो. मुलीच्या बाबतीत मला ते म्हणता येत नाही, कारण मला सांगणारी माझ्या घरात होती. त्याच दुपारी माझ्याही छातीला तारा लावल्या. माझ्या पट्टीवरही तेच निघालं, थोडं सौम्य. म्हणजे पोरीला ते माझ्याकडूनच आलं होतं.

व्हरांड्यात बाकावर मी बायकोजवळ बसलो. माफी मागायची असते ती कशी मागतात ते मला येत नव्हतं. मी म्हणालो, "चुकलो."

तिने भिंगरीची रिबीन बोटांना गुंडाळली. मग म्हणाली, "त्या दिवशी दुकानात तुम्ही हसला नसतात, तर मी त्याच्याकडे गेले नसते." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं.

भिंगरी बरी आहे. हृदयाच्या ठोक्यांना आवर घालणाऱ्या गोळ्या रोज घेते, तपासणीला जाते, आणि तिची शाळा आता घंटेऐवजी दिवा लावते. मी पण त्याच गोळ्या घेतो. दुकान चष्मेवाल्याकडेच राहिलं. निवांत महाराज त्या रात्रीच शिष्यांसकट गाव सोडून गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक मला रस्त्यात थांबवून म्हणू लागले, "काय उघडं पाडलंत हो त्याला!" मी मान खाली घालून पुढे जायचो. लोकांना वाटायचं, किती नम्र माणूस.

गेल्या महिन्यात खेळाच्या बाईंनी त्याच सभागृहात छाती दाबायला शिकवण्याचा वर्ग ठेवला आणि मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि हे सगळं सांगून टाकलं, तुम्हाला सांगितलं तसंच. कोणी हसलं नाही, कोणी टाळी वाजवली नाही. इस्त्रीवाली कोपऱ्यात बसली होती. तिने विचारलं, "म्हणजे मी त्या दिवशी विचारलं ते बरोबर होतं?"

मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी बरोबर प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात."

वर्ग संपल्यावर ती खुर्च्या उचलायला थांबली. मग पदराला हात पुसत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, तिच्या भाच्याला फिट येतात, पोहायला गेलं की. पाच डॉक्टर झाले, दोन देवऋषी झाले. पाण्यात काहीतरी आहे असं त्याची आई म्हणते, आणि सगळे तिला वेड्यात काढतात.

मी तिला म्हणालो, "तिला वेड्यात काढू नका. तिला आणि पोराला उद्या घेऊन चला." आम्ही त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मुलाच्या छातीला तारा लावल्या आणि पट्टी बाहेर आली. डॉक्टरीणबाईंनी मोजपट्टी घेतली. ती आई शेजारी उभी राहून मला विचारत होती, "माझं चुकतंय का हो?" तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, "तुमचं चुकत नाही."

म्हणून सांगतो. बुवाला प्रश्न विचारा, त्याच्या मनगटाची पट्टी सोडून बघा, लाजू नका. पण तोच प्रश्न स्वतःच्या पाटीलाही विचारा. तुमच्या घरात कुणाला फिट येत असेल, आणि ती दचकल्यावर, धावताना किंवा पोहताना येत असेल, किंवा घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर चालू गोळ्या आपल्या मनाने तोडू नका, पण डॉक्टरांना सांगा की एकदा हृदयाचा आलेखही काढा आणि नीट मोजा. आणि घरातलं जे माणूस म्हणतंय की हे अमुक झालं की होतं, त्याला हसू नका, बसवून घ्या आणि पूर्ण ऐका. हृदयाच्या आलेखाची पट्टी काढायला पाच मिनिटं लागतात. मला पाच वर्षं लागली, आणि तीही माझी गेली नाहीत, माझ्या पोरीची गेली.